बिननावाच्या जुन्या बेस गिटारला कोण विचारतं? मी विचारतो!

खर्जातला

काल इथल्या चर्चेत चारतारी यांनी फर्मान काढलं: "सेकंडहँड बेस घ्यायचा तर हेडस्टॉकवर (खुंट्यांच्या टोकावर) फेंडर कंपनीचं नाव असेल तरच घ्या. बाकी सगळं सरपण. विकायला निघालात की कळेल." ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

सरपण कशाला म्हणताय ते तरी बघा. पीव्ही कंपनीचा टी-40 हा 1978 चा बेस. बॉडी (धड) आणि नेक (दांडी) संगणकी यंत्रावर कापायचे, म्हणून नेक खाचेत असा घट्ट बसतो की कागद शिरत नाही. टोनचं बटण एका टोकाला नेलं की पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाची) एकच कॉइल बोलते, मागे फिरवलं की दोन्ही. यामाहाचे बीबी मालिकेतले बेस घ्या, न्यू ऑर्डर बँडमधल्या पीटर हुकचा बीबी1200 ऐकलाच असेल. अरियाचे एसबी बेस मेटॅलिकाचा क्लिफ बर्टन आणि ड्युरान ड्युरानचा जॉन टेलर या दोन टोकाच्या माणसांनी वाजवले. ते जिथे बनत तो जपानमधला मात्सुमोकू कारखाना 1987 मध्येच बंद पडला.

आणि फेंडर, फेंडर काय करता? लिओ फेंडरने कंपनी 1965 मध्ये विकली. पुढे जी अँड एल ही कंपनी काढून एल-1000 आणि एल-2000 हे बेस त्यानेच बनवले. आडनाव हवं, पण त्या माणसाचं शेवटच्या दशकातलं काम नको, हा कुठला न्याय?

राहिला भाव. किंमत सगळ्यात जास्त पडते ती पहिल्या मालकाच्या हातात. मी दुसरा किंवा तिसरा. गेल्या बारा वर्षांत असे पाच बेस घेतले, तीन विकले, तिन्हींचे पैसे जवळपास जेवढ्यास तेवढे सुटले.

चारतारी

पैसे सुटले, पण किती दिवसांनी ते लिहिलं नाहीत. माझ्याकडे असाच एक जपानी नेक-थ्रू (नेक धडातून आरपार गेलेला बेस) होता. घरात आजारपण आलं, पैसे तातडीने हवे होते. सात महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. शेवटी माझा फेंडरचा 'प्रिसिजन' काढला, तो चार दिवसांत गेला. किंमत टिकणं वेगळं आणि गरजेच्या दिवशी गिऱ्हाईक दारात येणं वेगळं. ते मी भोगलंय, तुम्ही मला आडनावांचा न्याय शिकवू नका.

शिवाय सुटे भाग? प्रिसिजनचा पिकअप, ब्रिज, पिकगार्ड, अख्खा नेकसुद्धा मिळतो. टी-40 चा पिकअप गेला तर त्या मापाचा दुसरा शोधत बसा. नेक-थ्रूचा नेक पिळला की वाद्यच गेलं, चार स्क्रू काढून बदलता येत नाही.

मंद्रसप्तक

दोघांचं थोडं थोडं बरोबर. पण तुम्ही जोखता कशावर? बहुतेक लोक पाच वर्षांच्या मेलेल्या तारांवर बेस वाजवून बघतात आणि "आवाजात दम नाही" म्हणून परत ठेवतात. मी तर बघायला जाताना नवा सेट खिशात घेऊनच जातो. एकदा अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) बेस "बंद आहे" म्हणून मातीमोल भावात मिळाला. केबल जॅकमध्ये कायम खोचलेली, म्हणून 9 व्होल्टची बॅटरी उतरलेली. एवढंच.

जुनीतार

मेलेल्या तारा हा शब्दच चुकीचा आहे. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेमर्सनने 1962 च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत) तारा लावल्या आणि तुटल्याशिवाय बदलल्या नाहीत. मोटाउनचा सगळा पाया त्यावर उभा आहे. दर महिन्याला तारा बदलणाऱ्यांना बेसचा आवाज नकोच असतो, त्यांना पियानोसारखा खणखणीत आवाज हवा असतो.

मंद्रसप्तक

हो, हवा असतो! द हू बँडच्या एन्टविसलने 1966 मध्ये रोटोसाउंड या तारांच्या कंपनीकडून राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारा त्यासाठीच तर करून घेतल्या. तुमच्या आवडीला नियम का करता? आणि फ्लॅटवाउंड मुरतात, राउंडवाउंड मरतात. त्यांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ बसतो.

पट्टेवाला

मग उकळा ना. पाण्यात दहा मिनिटं, नीट वाळवा, परत लावा. मी वर्षानुवर्षं करतोय.

चारतारी

या उकळण्यानेच मला फसवलंय. एकाने दाखवताना बेस काय झणझणीत वाजवला! घरी आणला, आठवड्यात आवाज बसला. विचारलं तर म्हणे, "आदल्या दिवशी तारा उकळल्या होत्या." मळ निघतो, पण ताणून थकलेला धातू तरणा होत नाही. विकताना हे लपवणं म्हणजे सरळ फसवणूक.

पट्टेवाला

फसवणूक हा शब्द मागे घ्या. मी स्वतःच्या वाद्यावर करतो, कोणाला विकायला नाही.

चारतारी

तुम्हाला नव्हतो म्हणालो. तरी लागलं असेल तर मागे घेतो. विकणाऱ्याबद्दल मात्र नाही.

जुनीतार

त्यात तुमची फसवणूक कसली झाली? तारा कधी ना कधी बदलायच्याच. नेक सरळ होता ना? फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) झिजलेले नव्हते ना?

चारतारी

नेक सरळ होता. नेकचा बाक जुळवणारा आतला ट्रस रॉड दोन्हीकडे फिरत होता. बेस चांगलाच होता, हे कबूल करायला जड जातं, पण होता.

खर्जातला

कुठला होता?

चारतारी

यामाहा. बीबी.

खर्जातला

म्हणजे सरपण.

चिडवत नाही. सात महिन्यांची गोष्ट वाचून मी माझे हिशेब पुन्हा बघितले. तिन्ही बेस विकायला मला घाई नव्हती, एक तर दीड वर्ष भिंतीवर होता. म्हणून हेही सांगायला हवं: अडीनडीला विकावं लागेल अशी स्थिती असेल तर ओळखीचं नाव घ्या. नेक-थ्रूच्या नेकबद्दलही तुमचं मान्य, तो एका टोकाकडून लांबीच्या दिशेने डोळा लावून नीट बघितल्याशिवाय घेऊ नये. पण वाजवायला घेताय, दहा वर्षं ठेवणार आहात, तर हेडस्टॉक झाकून वाजवून बघा.

चारतारी

अडीनडी सांगून येत नाही. माझं मत तेच आहे. फक्त 'सरपण' हा शब्द काढतो.

मंद्रसप्तक

आणि तो यामाहा?

चारतारी

आहे अजून. विकायला काढलेला नाही. आता फ्लॅटवाउंड आहेत त्यावर.