निबंधाचा पहिला परिच्छेद ठेवायचा की खोडायचा?

जुळे_सोलापूर:
बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहास शिकवतो. यंदा मुलांना घरी लिहायला निबंध दिला होता: '१९३० साली सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी अंमल) का लागला?' गठ्ठा तपासून आज उठलो. बहुतेकांची सुरुवात एकच: "सोलापूरच्या इतिहासात १९३० सालाला अनन्यसाधारण महत्त्व आहे." हे वाक्य कुठल्याही गावाला आणि कुठल्याही सालाला चिकटतं. मग गड्डा यात्रा येते, चादर येते, गिरण्या येतात. 'का'ला हात लागेपर्यंत दोन पानं संपलेली असतात.

माझं म्हणणं असं की लिहून झालं की पहिला परिच्छेद खोडा. एका मुलीकडून हे करून घेतलं. तिच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य दडलं होतं: "पोलीस गेले तरी तीन दिवस शहर चाललं, हेच सरकारला जास्त झोंबलं." ते उचलून वर ठेवलं. ९ ते ११ मेचे दिवस, १२ मेचा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात सोलापूरच्या चौघांना दिलेली फाशी, सगळं त्या वाक्यामागे रांगेत लागलं. मुद्दा एका वाक्यात सांगता येत नसेल तर लिहायची वेळ झालेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

एमए_भाग_दोन:
सर, मान्य नाही. मागच्या सत्रात मी थेट मुद्द्यावर आलो होतो. मार्क कमी पडले म्हणून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. समासात लाल पेनानं एकच शब्द: "प्रस्तावना?" आता तुमचं ऐकून खोडू, आणि एटीकेटी लागली तर?

जुळे_सोलापूर:
प्रस्तावना असू दे, पण ती शहराची नको, प्रश्नाची हवी.

विडी_घरकुल:
मला एमए भाग दोनपेक्षा वेगळं बोलायचंय. आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी. मुद्दा मला आधी कधीच सुचत नाही, लिहिता लिहिता कळतो. तुम्ही "वेळ झालेली नाही" म्हणालात की माझ्यासारखी मुलगी पेनच उचलणार नाही. आणि सर, तुमच्याच मुलीला ते वाक्य दुसऱ्या पानावर सापडलं ना? आधीची पानं लिहिली नसती तर सापडलं असतं का?

माझी आई विड्या वळते. तेंदूची पानं ओल्या फडक्यात मऊ झाल्याशिवाय ती कात्री लावत नाही, कोरडं पान चिरतं. माझा पहिला खर्डा तसाच असतो. अडलं तिथं सरळ तेलुगू शब्द लिहिते, थांबत नाही. दुसऱ्या दिवशी आईला मोठ्यानं वाचून दाखवते. तिनं "म्हणजे काय?" विचारलं की तिथं खूण. दुसरा खर्डा त्या खुणांवरून. मग पहिला परिच्छेद जातोच, त्याबद्दल माझं भांडण नाही.

वाचनालयाच्या_कट्ट्यावर:
सगळे परिच्छेदावरच भांडलालेत! सरकारला "जास्त झोंबलं" हे त्या मुलीला कुणी सांगितलं? वाक्य छान आहे म्हणून वर ठेवायचं? त्याच आठवड्यात पोलिसांनी गोळीबार केला, पोलीस मारले गेले, कोर्ट जळालं. सरकारचं कारण तेच होतं. ती बाजू टाळून लिहिलेला निबंध घोषणा होतो. उलट तिला पुरावा हवाच असेल तर आहे. मार्शल लॉत गांधी टोपी घातली म्हणून, झेंडा लावला म्हणून शिक्षा झाल्या. दंगलच थांबवायची होती तर टोपीनं काय बिघडत होतं? हा प्रश्न विचारला असता तर वाक्य तिचं झालं असतं.

जुळे_सोलापूर:
विडी घरकुल, "वेळ झालेली नाही" हे मागे घेतो. ते वाक्य लिहिण्यातूनच आलं होतं, मी तो भाग सोडून सांगत होतो. उद्या वर्गात दोन खर्ड्यांचं सांगेन. कट्ट्यावरचे, टोपीचं मला सुचायला हवं होतं. पण पहिल्या परिच्छेदावर मी मागे हटणार नाही. एमए भाग दोन, तुमची प्रस्तावना इथंच लिहून दाखवा, तीन वाक्यांत.

एमए_भाग_दोन:
"मे १९३० मध्ये तीन दिवस सोलापुरात पोलीस नव्हते आणि शहराचा सर्व कारभार काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळला. मार्शल लॉसाठी सरकारनं जाळपोळीकडे बोट दाखवलं. पण शिक्षा टोपीला आणि झेंड्यालाही झाली, म्हणून कारण तेवढंच नव्हतं असं मी मांडणार आहे."

वाचनालयाच्या_कट्ट्यावर:
"सर्व" काढा. स्वयंसेवक रस्त्यावरची रहदारी सांभाळत होते एवढं दाखवता येईल, तेवढंच लिहा. बाकी हे वाचून "प्रस्तावना?" कुणी लिहिणार नाही.