'राजकीय संस्था' की आणखी काही?

तुकोगंजकर (इंदूर): एका इंग्रजी लेखाचं मराठी करतोय. एका देशात लाच रुजते, दुसऱ्यात रुजत नाही, हे तिथल्या राजकारणाच्या आणि कायद्याच्या घडणीवर कसं ठरतं, असा विषय आहे. त्यातल्या 'political institutions'ला हिंदीच्या सवयीनं लिहून गेलो, 'राजकीय संस्थान'. आईनं कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "होळकरांवर लिहितोयस का रे?" 'संस्था' केलं, तर पुण्याच्या मावसबहिणीला शाळा आणि पतपेढी आठवली. अर्थशास्त्रज्ञ डग्लस नॉर्थ याच गोष्टीला खेळाचे नियम म्हणतात. शब्द सुचवा.

छावणीतली: 'राजकीय'सुद्धा जपून वापरा. हिंदीत त्याचा अर्थ सरकारी. मी 'व्यवस्था' म्हणेन.

लश्करकर (ग्वाल्हेर): फार सैल शब्द. हाँगकाँगनं १९७४ साली लाचविरोधी आयोग पोलिसांपासून वेगळा काढला, तो तेव्हा थेट गव्हर्नरला जबाबदार होता. आपल्या मध्य प्रदेशात १९८१च्या कायद्यानं लोकायुक्त आला. या संस्थाच आहेत, बिचकायचं कशाला?

तुकोगंजकर: पण २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला आणि लाच देणं हा थेट गुन्हा झाला. हा तर नुसता नियम. त्याला संस्था कसं म्हणू? लेखात दोन्हींना एकच शब्द आहे.

मांडवीकर (बडोदे): आमच्या गुजरातीत 'लांच-रुश्वत', महाराष्ट्रात 'लाचलुचपत'. ही 'लुचपत' आली कुठून? आजी गोठ्यातून ओरडायची, "वासरू लुचतंय, सोडव!" मला तेच मूळ वाटतं.

लश्करकर: पटत नाही. वासराचा गाईवर हक्क असतो. 'लुच्चा'वरूनच आला असणार.

छावणीतली: घराच्या नामांतरणाला, म्हणजे घर नावावर करायला, गेले होते, तेव्हा बाबूनं फाइल उघडी ठेवून 'चाय-पानी' मागितलं. घरी येऊन मी "चिरीमिरी मागतोय" म्हटलं, तर बाबा संतापले. "आपल्याच कामाचे पैसे मागतोय ना? मग लाच म्हण. चिरीमिरी हमालाला देतात." तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

तुकोगंजकर: बाबांचं पटलं. पण संस्था की व्यवस्था, तेवढं सांगा. शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

मांडवीकर: हमालाला देतात ती बक्षिसी हो, ताई. चिरीमिरी आमच्याकडे लाचेलाच म्हणतात.

लश्करकर: ग्वाल्हेरला नाही म्हणत. माझे आजोबा दिवाळीत पोस्टमनला द्यायचे, ती चिरीमिरी.