जुने रोझेट बदलल्याने ब्रॉडबँड सुधारेल का?

प्रश्न : माडीवरचा मोडेम, शिवाजी पेठ

नमस्कार. आमच्या जुन्या दुमजली घरात तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन फोन आहे आणि ब्रॉडबँडही त्याच तारेवर येते. खांबावरून आलेली तार खाली सोप्यातील रोझेटमध्ये, म्हणजे तारा जोडण्याच्या भिंतीवरील छोट्या डबीत, उतरते. तिथून एक फाटा माडीवर माझ्या खोलीत, मोडेमपर्यंत गेला आहे आणि दुसरा मागे स्वयंपाकघरात, जिथे आईच्या सोयीसाठी दुसरा फोन जोडलेला आहे. पावसाळा लागल्यापासून जोडणी वारंवार तुटते आणि फोनची रिंग वाजली की ती हमखास तुटते. रोझेटचे झाकण उघडून पाहिले, तेव्हा स्क्रूंवर हिरवट थर चढलेला दिसला.

घरातील मुख्य सॉकेट बदलून, किंवा त्यातील एक तार काढून, वेग बराच वाढल्याचे इंग्लंडमधील अनेकांनी लिहिले आहे. तसा सॉकेट मागवावा, की येथील साधे रोझेट बदलणे पुरेसे होईल? बहिणीचा अभ्यास आणि माझे काम दोन्ही याच जोडणीवर चालते, म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : निवृत्त लाइनमन, राजारामपुरी

इंग्लंडमधील सॉकेट मागवू नका. तेथील घरांत फोनच्या रिंगसाठी तिसरी तार वेगळी फिरवलेली असते आणि त्या तारेसाठीचा कपॅसिटर मुख्य सॉकेटमध्ये बसवलेला असतो. ही तिसरी तार मूळ दोन तारांच्या जोडीचा समतोल बिघडवते आणि आजूबाजूचा विद्युत गोंगाट ओढून घेते. त्यामुळे ती काढली की तेथे खरोखरच फरक पडतो. आपल्याकडे रिंगचा कपॅसिटर फोनच्या यंत्रातच असतो आणि घरात दोनच तारा येतात. जी तार आपल्या घरात नाहीच, ती काढून लाभ होणार नाही.

रोझेटवरचा हिरवा कळंक मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कळंक चढलेल्या जोडाचा रोध स्थिर राहत नाही. फोन खाली ठेवलेला असताना तारेवर सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. रिंग येते तेव्हा त्यावर ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती दाब चढतो आणि फोन उचलताच तारेतून प्रवाह वाहू लागतो. या प्रत्येक बदलाला खराब जोडाचा रोध एकदम कमीजास्त होतो, आणि बोलणाऱ्याला फार तर खरखर ऐकू येते तेवढ्यात मोडेमचा एक्स्चेंजशी असलेला मेळ सुटतो. रिंग वाजताच जोडणी तुटणे हे अशा जोडाचे किंवा फिल्टरविना, म्हणजे ब्रॉडबँडच्या लहरी फोनपासून अडवणाऱ्या छोट्या डबीविना, जोडलेल्या फोनचे लक्षण आहे. आपल्या घरी दोन्ही असण्याचा संभव मला दिसतो, कारण स्वयंपाकघरातील फोनला फिल्टर असल्याचे आपण लिहिलेले नाही.

तरीही काहीही विकत घेण्याआधी एक परीक्षा करा. सोप्यातील रोझेटवर माडीचे आणि स्वयंपाकघराचे दोन्ही फाटे सोडवा, सगळे फोन काढा आणि मोडेम खाली आणून आखूड दोरीने थेट त्याच रोझेटला लावा. मग मोडेमच्या पानावर लाइनची स्थिती पाहून ‘एसएनआर मार्जिन’ (गोंगाटाच्या वर संकेताला उरलेली राखीव ताकद) आणि ‘अॅटेन्युएशन’ (वाटेत क्षीण झालेला संकेत) हे दोन आकडे लिहून घ्या. मार्जिन माडीवरच्यापेक्षा चांगले वाढले तर दोष घरातील तारांत आहे. ते तेवढेच राहिले, तर दोष रोझेटच्या जोडात किंवा बाहेर खांबावर अथवा डीपीत (गल्लीतील तारा वाटून देणाऱ्या पेटीत) आहे. नंतर साधा फोन लावून एक आकडा दाबा आणि शांत लाइन ऐका. खरखर असेल तर ती आधी दूर झाली पाहिजे.

पावसाळी हवेत विजा चमकत असतील, तर या तारांना हात लावू नका. खांबापासून रोझेटपर्यंतच्या तारेचे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या आणि त्या वेळी कळंकलेले टोक कापून ताजे तांबे काढायला आवर्जून सांगा. जुनेच टोक नव्या रोझेटच्या स्क्रूखाली दाबले, तर डबी नवी आणि दोष जुना अशी स्थिती होते. बाहेरचा जोड टेप गुंडाळून सोडण्याऐवजी जेली भरलेल्या कनेक्टरने करून घ्यावा, म्हणजे आपल्याकडच्या पावसातही ओल आत शिरत नाही.

उत्तर : तरंगलांबी, ताराबाई पार्क

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फाट्यांबद्दल थोडी भर घालतो. माणसाचा आवाज तारेवर ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो, तर एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड, सुमारे २५ किलोहर्ट्झपासून वर जाते आणि त्याच्या सुधारित प्रकाराची, एडीएसएल २ प्लसची, मजल २.२ मेगाहर्ट्झपर्यंत असते. इतक्या वरच्या पट्ट्यात टोकाला काहीही न जोडलेला फाटा प्रतिध्वनी देणाऱ्या बंद गल्लीसारखा वागतो : लहर टोकापर्यंत जाऊन परत येते आणि मूळ लहरीला छेदते. २.२ मेगाहर्ट्झला तारेतील तरंगलांबी साधारण ९० मीटर असल्याने तिच्या चौथ्या हिश्शाचा, म्हणजे २२ मीटरच्या आसपासचा फाटा त्या वारंवारतेला सर्वाधिक मारतो. आपले घर एक्स्चेंजपासून लांब असेल, तर पट्ट्याचा वरचा भाग वाटेतच क्षीण होऊन गेलेला असतो आणि घरातील आखूड फाट्याने फारसे बिघडत नाही. अशा घरी फिल्टरविना असलेला फोन हाच मोठा शत्रू ठरतो. म्हणून अॅटेन्युएशनचा आकडा कळल्याशिवाय दोष कोणत्या फाट्याचा, हे ठरवू नये.

प्रश्नकर्ते : माडीवरचा मोडेम, शिवाजी पेठ

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे परीक्षा केली. माडीवर मार्जिन ४ डेसिबल होते, ते सर्व फाटे सोडवून रोझेटवर ९ झाले. अॅटेन्युएशन दोन्ही ठिकाणी ३८ डेसिबलच्या जवळपास आहे. स्वयंपाकघरातील फोनला फिल्टर नाही. आता रोझेट बदलायचे, की वायरिंग?

उत्तर : निवृत्त लाइनमन, राजारामपुरी

दोन्ही, परंतु वायरिंग आधी. मार्जिन ६ डेसिबलच्या खाली राहिले की मोडेमला तग धरणे अवघड जाते, आणि घरातील तारा सुटताच ते ९ वर आले, त्यामुळे मुख्य दोष कुठे आहे ते उघड आहे. रोझेटनंतर लगेच एक स्प्लिटर, म्हणजे फोन आणि ब्रॉडबँड वेगळे करणारी डबी, बसवा. त्याच्या मोडेमच्या बाजूला फक्त मोडेम आणि फोनच्या बाजूला स्वयंपाकघराचा फाटा जोडा, म्हणजे आईंचा फोन हलवावा लागणार नाही आणि त्याला वेगळा फिल्टरही लागणार नाही. माडीचा फोनचा फाटा कायमचा सोडवून टाका. मोडेम सोप्यातच ठेवा आणि माडीवर नेटवर्कची केबल न्या. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि अशा केबलवर पंख्याच्या रेग्युलेटरचा किंवा इन्व्हर्टरचा गोंगाट घरातील चपट्या, न पिळलेल्या फोनच्या तारेइतका चढत नाही. त्यानंतर रोझेट बदलून घ्या. नवी डबी फार महाग नसते आणि जोड ताजा होतो.

उत्तर : तरंगलांबी, ताराबाई पार्क

३८ डेसिबल म्हणजे ०.५ मिलिमीटर जाडीच्या तारेवर अंदाजे पावणेतीन किलोमीटरचे अंतर झाले. हे अंतर रोझेट बदलून घटणार नाही. वरील दुरुस्तीने जोडणी स्थिर होईल आणि वेगही थोडा वाढेल, परंतु २४ एमबीपीएसची अपेक्षा ठेवू नये. मार्जिनचे वाढलेले ५ डेसिबल मोडेमने वेगासाठी वापरले, तर प्रत्येक ३ डेसिबलला दर वाहकलहरीवर (एडीएसएलचा पट्टा ज्या अनेक बारीक लहरींत विभागलेला असतो, त्यांपैकी प्रत्येकीवर) साधारण एक बिट जास्त मावतो, इतकाच हिशेब आहे. आपल्या गल्लीत फायबर आले असेल तर तेही विचारून पाहा. फायबरला ही तार आणि हे रोझेट काहीच लागत नाही. तोपर्यंत मात्र वरील दुरुस्ती करून घेणे योग्य होईल.