काळ्या मातीत सेन्सर लावताना
सेन्सरने मातीतली ओल मोजून, माती सुकली की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू करणारं यंत्र इंजिनिअरिंगच्या पोरांनी बनवलं, असं वाचलं. मनापासून कौतुक! आमच्याकडे मोटरला लागणारी थ्रीफेज लाइन (वीज) कितीदा रात्रीच येते. विंचूकाट्यात, रानडुकरांच्या भीतीत बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं वाचलं तर आणखी काय पाहिजे?

पण पोरांनो, कुंडीतल्या मातीत यंत्र तपासून थांबू नका. विदर्भातली काळी माती सुकताना आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सेन्सरचे दांडे भेगेत उघडे पडले की खाली ओल असूनही यंत्राला माती कोरडीच वाटते. माझ्या संत्र्यात हेच झालं. मोटर रात्रभर चालली, सकाळी झाडांच्या आळ्यात गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी. संत्र्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. मुळं सडतात, खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग येतो. म्हणून सेन्सर जमिनीत एक वर, एक खोल असे गाडा आणि अमुक तासांनी मोटर बंद म्हणजे बंद, असा टायमर द्याच.

आणखी एक. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाइन येताच शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपी, म्हणजे वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, जळते, आणि ऐन तुरीच्या फुलोऱ्यात डीपी बदलून मिळेपर्यंत जीव जातो. प्रत्येक यंत्राला वेगवेगळा उशीर ठेवा, कोणाला दोन मिनिटं, कोणाला पाच.