दम लागतो म्हणून चालणं बंद करू नका
सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) असलेल्या एका काकांना दम लागतो म्हणून घरच्यांनी त्यांचं फिरणंच बंद केलंय, असं एकाने लिहिलंय. त्यानं उलटच होतं. हालचाल थांबली की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात आणि तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. पल्मनरी रिहॅबने (फुप्फुसाच्या रुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम आणि श्वासाचं प्रशिक्षण) फुप्फुस पूर्ववत होत नाही, स्पायरोमेट्रीचे (फुंकर मारून करायच्या श्वासाच्या तपासणीचे) आकडेही फारसे हलत नाहीत. पण धाप कमी होते, चालणं वाढतं. सहसा ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून २-३ वेळा. आधी ६ मिनिटं चालवून ऑक्सिजन बघतात. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायलाही शिकवतात (जिना चढताना फार कामाचं!). चुलीच्या धुरानं आजारी पडलेल्या, आयुष्यात विडी न ओढलेल्या बायकांनाही याचा उपयोग होतो. छातीच्या डॉक्टरांना रिहॅबबद्दल स्पष्ट विचारा. व्यायामाआधी पंप (इनहेलर) घ्यायचा का, तेही.