आईने साखर सोडली पण गूळ आणि साबुदाणा चालूच, शुगर वाढतेय

सातारची लेक:
नमस्कार मंडळी. आई ६२ वर्षांची, टाईप टू डायबेटिस निघून चार वर्षं झाली. मागच्या आठवड्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.९ आलं, त्याआधी ७.६ होतं. साखर तिने खरंच सोडलीय, पण चहात गूळ घालते, दिवसातून तीनदा, गूळ नैसर्गिक म्हणून. डॉक्टरांनी घाईघाईत गोड आणि भात बंद एवढंच सांगितलं, तेव्हापासून भाताऐवजी ज्वारीच्या तीन भाकरी. त्यात सोमवार, संकष्टी, एकादशी, दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी. काही बोलायला गेलं की म्हणते आता देवाचंपण सोडू का. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. कसं समजावू?

कोल्हापूरकर काका:
ताई, मला १४ वर्षं शुगर आहे, मीपण दोन वर्षं गुळाचाच चहा प्यायलो. गूळ काय आणि साखर काय, दोन्ही उसाच्याच रसाचं, गुळात बहुतेक भाग साखरच असते. पण तोंडी सांगून आईला पटायचं नाही, मला बायकोचं कुठं पटलं होतं. घरी शुगर तपासायची मशीन आणा, पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा आणि आकडा तिलाच वाचू दे. माझा खिचडीनंतर २८६ आला तेव्हा मी गप्प बसलो. आता एकादशीला वाटीभर भगर, दाण्याची आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर आणि ताक, उपवास मोडत नाही आणि आकडा १८० च्या आसपास राहतो. भगर पण वाटीभरच हां, ती पण शेवटी धान्यासारखीच.

आहारवाली:
मी आहारतज्ज्ञ आहे. भाकरीचं असं आहे की शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे तांदळापेक्षा फार कमी नाहीत. फायबर जास्त म्हणून चांगली, पण तीन भाकरी म्हणजे खूप झालं. एक भाकरी, ताटात अर्धी जागा पालेभाजी कोशिंबिरीला, आणि मटकी, डाळ किंवा अंडं रोज हवंच. आधी भाजी-उसळ खाऊन मग भाकरी घेतली तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते.

पण मला जास्त काळजी ग्लिमेपिराइडची वाटते. ही गोळी घेऊन जेवण उशिरा झालं किंवा चुकलं तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. तेव्हा मात्र चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. उपवासाच्या दिवशी आणि भाकरी कमी करताना गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारा, स्वतःहून बंद करू नका.

सातारची लेक:
खूप आभार दोघांचे. गोळीचं हे कुणीच सांगितलं नव्हतं, मागच्या एकादशीला तिला दुपारी चारला घाम फुटला होता, आम्ही उन्हाने म्हणून सोडून दिलं. काल मशीन आणली. गुळाच्या चहा-पोह्यांनंतर २४१. आईने स्वतःच चष्मा लावून वहीत लिहिलं आणि संध्याकाळचा चहा बिनगुळाचा मागितला. डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतलीय, वही घेऊनच जातो.