मदत हवी आहे : अमेरिकेतली क्रीडा शिष्यवृत्ती, कोअर जीपीए आणि मुलीचे अकरावीचे गुण

नमस्कार मंडळी,

मुलगी बारावी कॉमर्सला आहे, नाशिकला. लांब पल्ल्याची धावपटू. ३००० मीटर १० मिनिटं ८ सेकंदांत पळते. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचा (तिकडच्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) उंच उडीचा विजेता झाला, हे तिला तोंडपाठ आहे आणि तेव्हापासून तिने अमेरिका मनात घेतली आहे. तिकडच्या तीन प्रशिक्षकांना तिने स्वतः मेल लिहिले. एकाचं उत्तर आलं. वेळ चांगली आहे म्हणाला, आणि पुढच्याच ओळीत विचारलं, कोअर जीपीए (मुख्य विषयांच्या गुणांची चारपैकी सरासरी) किती?

तिथे आम्ही अडलो आहोत. इथल्या एका एजंटने दीड लाख फी सांगितली आणि समोरच हिशेब करून दाखवला : दहावीचे ७६ टक्के, भागिले २५, म्हणजे ३.०४. "अकरावी कोणी बघत नाही," असंही म्हणाला. आपल्याकडे सगळेच तसं म्हणतात, आम्हीही म्हटलं. अकरावीत ती दोन महिने सराव शिबिरात होती, परीक्षा अभ्यासाविना दिली. इंग्रजी ४८, गणित ४१. आम्ही तिला एका शब्दाने बोललो नाही, कारण त्याच वर्षी तिची वेळ २० सेकंदांनी सुधारली होती.

एजंटचं पटेना म्हणून परवा तिच्या शाळेत जाऊन नववीचे गुण काढून आणले. कारकूनबाईंनी कपाटातून निकालाचं जाड रजिस्टर काढलं, फडक्याने पुसलं आणि बोट फिरवत तिचं नाव शोधलं. गणित ६२, विज्ञान ७१, इंग्रजी ६८. हे सगळं धरतात का? दहावीच्या बेस्ट ऑफ फाइव्हचं आणि खेळाच्या वाढीव गुणांचं काय? अकरावीमुळे दार बंद झालं का? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सांगा. ती रात्री झोपत नाही.

प्रतिसाद

काका, मी पुण्याची, चार वर्षं डिव्हिजन टूच्या एका कॉलेजच्या संघात पोहत होते (एनसीएएत कॉलेजांचे तीन गट असतात, डिव्हिजन वन सगळ्यात वरचा). आधी तिला झोपायला सांगा, दार बंद झालेलं नाही. पण भागिले २५ हे साफ चूक आहे, त्यावर एक रुपयाही देऊ नका.

एनसीएएचं पात्रता केंद्र एकूण टक्केवारी घेतच नाही. त्यामुळे बेस्ट ऑफ फाइव्ह आणि त्यात मिळवलेले गुण हा प्रश्नच येत नाही. ते नववी ते बारावी प्रत्येक वर्षाचा प्रत्येक विषय वेगळा बघतात आणि त्या त्या देशाच्या गुणपद्धतीप्रमाणे त्याला ए, बी, सी, डी देतात. आपले ६० आणि तिकडचे ६० एक धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १. एक वर्ष शिकलेला विषय म्हणजे एक कोअर कोर्स. असे १६ लागतात. त्यांची बेरीज भागिले १६. डिव्हिजन वनला किमान २.३, टूला २.२. पाच बी आणि अकरा सी आले तर ३७ भागिले १६, म्हणजे २.३१, जेमतेम पार.

आता तिच्या कामाचं. सोळापेक्षा जास्त विषय असतील तर त्यातले चांगले निवडतात, पण वाटणी पाळून. डिव्हिजन वनला इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान दोन, या तिघांपैकी आणखी एक, समाजशास्त्रं दोन, आणि यातलेच किंवा परभाषा वगैरे चार. तुमची मुलगी कॉमर्सची, म्हणजे विज्ञान नववी-दहावीचंच. इंग्रजी चार, विज्ञान दोन, म्हणजे या तीन विषयांचे मिळून दहा भरायला गणिताची चारही वर्षं लागणार. अकरावीचं इंग्रजी आणि गणित तिला गाळता येणार नाही. बाकी अकरावीचे विषय गळू शकतात. गणित सोडून चिटणिसाची कार्यपद्धती घेतली असती तर दहाच भरले नसते, तेव्हा तिने गणित ठेवलं हे फार चांगलं केलं.

म्हणून बारावीचं गणित आणि इंग्रजी यांवर आता सगळा जोर लावा. डिव्हिजन वनसाठी, बारावी वेळेत पास झाल्यावर वर्षभरात आणखी एक कोअर कोर्स करून हिशेबात धरता येतो. तो पर्याय हाताशी असू द्या. सॅटची (तिकडच्या कॉलेज प्रवेशपरीक्षेची) अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढली. विद्यापीठ स्वतः मागू शकतं, इंग्रजीची परीक्षाही मागेल.

आणखी एक. २.३ ला थांबू नका. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या मुलींच्या ॲथलेटिक्स संघाला मिळून १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या तुकडे करून वाटायच्या. पूर्ण खर्च फार कमी जणींना मिळायचा. उरलेला पैसा मला अभ्यासाच्या शिष्यवृत्तीतून मिळाला, आणि तिथे जीपीएच बघतात. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठं) तर खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते.

काका (मूळ प्रश्नकर्ते)

ताई, तुमचे उपकार विसरणार नाही. एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. एक विचारतो : तिकडे गेल्यावर गुण घसरले तर?

प्रतिसाद

पळायला मिळणार नाही. डिव्हिजन वनमध्ये पदवीला २.० जीपीए लागत असेल तर दुसरं वर्ष सुरू होताना १.८, तिसरं सुरू होताना १.९, मग २.० हवा. शिवाय दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण. तिथे जीपीए काढताना क्रेडिटचं, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या भाराचं, वजन लागतं. चार क्रेडिटच्या विषयातला सी एका क्रेडिटच्या ए ने भरून निघत नाही. पहिल्या सत्रात मी रसायनशास्त्र घेतलं आणि पोहण्याच्या स्पर्धांत अडकले, पुढचं सत्र पूर्ण भरपाईत गेलं. पहिल्या सत्रात तिला जड विषय एकावेळी एकच घ्यायला सांगा.

काका

एजंटला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्या प्रशिक्षकाला तिने आज रात्री मेल केला : नववी ते अकरावीचे विषयवार गुण, अकरावीचे ४१ सुद्धा, आणि बारावीचा निकाल मे महिन्यात कळवते असं. कॉलेजच्या गणिताच्या सरांनी सकाळचं धावणं झाल्यावर साडेआठला यायला सांगितलं आहे. ती उद्यापासून जाते आहे.